आपत्तीच्या यादीत आपण कुठं?

2024 च्या जागतिक जोखीम निर्देशांकात 193 देशांत फिलिपिन्स पहिला, इंडोनेशिया दुसरा आणि आपला भारत तिसरा होता. हा क्रमांक नुसते पूर-भूकंप मोजून लागत नाही. संकटाच्या वाटेत किती माणसं आहेत आणि त्यांची घरं, दवाखाने, कमाई, तयारी किती कच्ची आहे, याचा मेळ घालून तो ठरतो.

हा मेळ आपल्याच भागात पाहू. आपल्या शेगावच्या उत्तरेला पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा पट्टा आहे. काळी चिकण माती, पाणी लवकर मुरत नाही. जुलै 2023 मध्ये शेजारच्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीनं शेतं खरडून गेली. अशा पावसात पक्क्या घरातला माणूस दार लावून बसतो. मातीच्या भिंतीतला धान्याचं पोतं डोक्यावर घेऊन शाळेकडे धावतो. देशाच्या एका आकड्यात हे दोघं सारखेच दिसतात, आणि मला तेच सलतं.