रिकाम्या घरांचे सामर्थ्य
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शाळेच्या भिंतीवरील मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाहिली की ती एखाद्या प्रज्ञावंताला एका रात्रीत स्फुरली असावी असे वाटते. इतिहास वेगळी साक्ष देतो. अनेक देशांतील माणसांच्या श्रमांतून ती उभी राहिली, आणि तिची खरी कसोटी लागली ती तिच्यात रिकाम्या ठेवलेल्या घरांमुळे.

१८२९ मध्ये डोबेरायनर या जर्मन रसायनज्ञाने क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांसारखी त्रिके मांडली. तीत मधल्या मूलद्रव्याचा अणुभार इतर दोहोंच्या सरासरीजवळ येत असे. परंतु अणुभारांविषयीच एकमत नव्हते. पाण्याचे सूत्रदेखील निरनिराळे लिहिले जाई. हा गोंधळ मिटविण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे सुमारे १४० रसायनज्ञ जमले. तेथे कानिझारो यांनी अणुभार ठरविण्याची सुसंगत पद्धत प्रतिपादिली. १८४८ च्या सिसिलीतील उठावात भाग घेऊन परागंदा व्हावे लागलेले हे गृहस्थ. रशियाचे तरुण मेंडेलीव आणि जर्मनीचे लोथर मेयर त्या परिषदेस उपस्थित होते.

त्याच वर्षी इंग्लंडचे न्यूलँड्स इटलीत गॅरिबाल्डी यांच्या स्वयंसेवकांत होते. सप्तक संपताच ‘सा’ पुन्हा यावा, तसे अणुभाराच्या क्रमात दर आठव्या मूलद्रव्याचे गुण पुन्हा येतात, असा नियम त्यांनी १८६५ मध्ये सांगितला. मूलद्रव्ये वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत काय, असा उपहास लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांच्या वाट्याला आला. तथापि, नव्या मूलद्रव्यांना त्यांच्या तक्त्यात जागाच नाही, हा आक्षेप रास्त होता.

मेंडेलीव यांनी १८६९ मध्ये तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये मांडली ती या उणिवेवर मात करून. जेथे गुण जुळेनात तेथे त्यांनी घर रिकामे सोडले, आणि १८७१ मध्ये त्या घरांत येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणही वर्तविले. त्यांच्या तात्पुरत्या नावांसाठी त्यांनी संस्कृतातील ‘एक’ हा शब्द योजला. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे, असे तो धातू न पाहिलेल्या मेंडेलीव यांनी कळविले. धातू अधिक शुद्ध करून मोजला, तो ५.९ भरला! १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम यांनी आणखी घरे भरली. संख्यात्मक बदलातून गुणात्मक बदल घडतो याचे उदाहरण म्हणून एंगल्स यांनी या भाकिताचा गौरव केला, तो उगाच नव्हे.

परंतु हेच मेंडेलीव पुढे आपल्या तक्त्यात अडकले. १८९४ मधील आरगॉनच्या शोधानंतर, हा नायट्रोजनचाच प्रकार असावा असे त्यांना वाटले. किरणोत्सर्गात एक मूलद्रव्य दुसऱ्यात पालटते, हे १९०७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी मानले नाही. टेल्युरियम आयोडीनहून जड भरे. हे मोजमाप चुकीचे असावे, अशी त्यांची समजूत होती. मोजमाप बरोबरच होते. १९१३ मध्ये मोझली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की मूलद्रव्यांचा क्रम अणुभारावर नव्हे, अणुकेंद्रावरील विद्युतभारावर ठरतो. दोनच वर्षांनी साम्राज्यांच्या युद्धाने गॅलिपोली येथे, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचा बळी घेतला. त्यांनी मेंडेलीव यांचा तक्ता मोडला नाही. त्याचा पाया अधिक खोल नेला.

समाजवादी कार्यकर्त्याने येथून घ्यावयाचे ते हे: सिद्धांताच्या बळावर पुढचे ठामपणे सांगावे आणि ते मोजून पाहू द्यावे. जेथे माहिती नाही तेथे ग्रंथांतील अवतरणे न भरता शेतात, गिरणीत, वस्तीत जाऊन ती मिळवावी. आणि नवे वास्तव घरात बसेनासे झाले, तर वास्तवाला खोटे न ठरविता तक्ता दुरुस्त करावा.