घाटीतला डबा आणि मधुमेह

करमाडहून जालना रोडने छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रोज कुणा ना कुणाचा डबा जातोच. पेशंटला शुगर असेल, तर तो डबा हलका होतो: अर्धी भाकरी, पाणीदार वरण, भात बंद. हेतू चांगला, पण हिशोब चुकतो. ताप, जंतुसंसर्ग किंवा ऑपरेशनच्या ताणात शरीर कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. म्हणजे उपाशीपोटीही शुगर चढते, आणि पोटात काही नसल्याने स्नायू झिजतात, जखम रेंगाळते. आजारी माणसाला दर किलो वजनामागे सुमारे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला किमान 72 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा. मूत्रपिंड अधू असेल, तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

कुणी म्हणेल, पोटभर दिलं तर आकडा वाढेल. वाढेलही, पण तो इन्सुलिनने आवरता येतो, उपासाने नव्हे. शिवाय 2009च्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची साखर फार कडक आवळली, तेव्हा मृत्यू वाढलेच. म्हणून बहुतेक दाखल रुग्णांसाठी 140 ते 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी चालते. ज्वारीची भाकरी मात्र कितीही खा, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. तिच्यातही पिष्ट आहेच. भाकरी मोजून, सोबत घट्ट वरण, मटकीची उसळ, दही. आणि इन्सुलिन टोचल्यावर डबा उशिरा आला, तर साखर धोकादायक घसरते. म्हणून डबा निघण्याची वेळ वॉर्डातल्या सिस्टरांना विचारूनच ठरवा.