बुट्टी म्हणजे लहान केलेला बुट्टा नव्हे

सुरतेत वेबसाइटींची चित्रे, बॅनर, आयकॉन करून घर चालवणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

अध्यक्षपद दिलेत, ऋणी आहे. मराठीचे व्याकरण रचणाऱ्या दादोबा पांडुरंगांनी दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने १८४४ साली याच गावात मानवधर्म सभा उभी केली. त्या गावात आपल्या धंद्याविषयी मराठीतून बोलायला मिळते आहे, हे माझ्यासाठी मोठे आहे.

साधनांचा आणि तंत्रांचा आढावा घ्यावा, असे आयोजकांनी कळवले होते. घेतो. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाले, फायरवर्क्स त्याच्याही आधी गेले. कोरलड्रॉ आपल्या गल्लीबोळात अजून आहे. फोटोशॉप साडीछपाईवाल्यांकडून आपल्याकडे आले, नवी मुले फिग्मात बसतात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना इंकस्केप व गिंप फुकट आहेत. फोटोला जेपेग, पारदर्शक पार्श्वभूमीला पीएनजी, रेषाकामाला एसव्हीजी. जीआयएफ २५६ रंगांवर थांबते; पण छपाईच्या सहा पडद्यांत, म्हणजे सहाच रंगांत, साडी बसवणाऱ्या माणसाला २५६ रंग म्हणजे चैन वाटली होती. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. मला जे बोलायचे आहे ते वेगळे आहे आणि ते मी वीस वर्षे मनात ठेवले आहे.

आपण लहान चित्र काढणे सोडून दिले आहे. मोठे चित्र काढतो, दाबून लहान करतो आणि त्याला आयकॉन म्हणतो.

मी १९८६ साली अमळनेरहून इथे सुरतेत, उधन्याला आलो, एकोणीस वर्षांचा होतो. मागावर उभे राहायचे होते, पण हात चांगला म्हणून जॅकार्डचे ग्राफ काढायला बसवले. तुमच्यातल्या तरुणांनी ते काम पाहिलेले नसेल. कागदावर बारीक चौकोन असत. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. रंगवलेल्या चौकोनावर धागा उचलायचा, कोऱ्यावर नाही. त्यावरून कार्डांना भोके पडत आणि कार्डांवरून माग फूल विणे. कापडात ताणा दाट आणि बाणा विरळ असला, तर चौरस ग्राफवर काढलेले गोल फूल कापडावर लांबट उतरते. म्हणून आठ बाय आठ, आठ बाय दहा, आठ बाय बारा असे वेगवेगळे कागद असत. धागा फार लांब सुटा राहिला तर बोटात अडकून तुटतो, म्हणून भरीव पानातही मध्ये मध्ये चौकोन सोडून तो बांधावा लागे. चित्रकला आणि मोजणी यांत तिथे फरकच नव्हता.

एका साडीच्या पदरावर मोठी कोयरी होती. शेठ म्हणाले, हीच लहान करून अंगभर बुट्टी म्हणून घाला. मी हिशेब केला: एक सोडून एक ओळ उचलली की आकार निम्मा. तसाच ग्राफ काढला, कार्डे पाडली, नमुना विणला. कोयरीचा देठ एकाच चौकोनाचा होता आणि नेमका सोडलेल्या ओळीत गेला. आतली अकरा पाने एकमेकांत मिसळली. कापडावर शाईचे डाग पडावेत तशा बुट्ट्या दिसत होत्या. आमचे मास्तर रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, “बुट्टी म्हणजे लहान केलेला बुट्टा नव्हे. ती बुट्ट्याची लेक आहे. तोंडवळा बापाचा, पण जीव तिचा स्वतःचा.” मग त्यांनी अकरा पानांची तीन केली, देठ होता तेवढाच जाड ठेवला आणि टोकाचा बाक जरा जास्तच वळवला. दोन हात लांबून कोयरी ओळखू आली. माझे सगळे शिक्षण त्या दुपारी झाले.

हे फक्त मागाचे शहाणपण नाही. छापखान्यात खिळे होते तेव्हा प्रत्येक आकाराचे अक्षर स्वतंत्र कोरावे लागे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या संस्कृत ग्रंथांतल्या टिपांचे बारीक अक्षर मला या वयात भिंगाशिवाय वाचता येते, कारण ते बारीक म्हणूनच कोरलेले आहे. सुझन केअर या बाईंनी १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन ३२ बाय ३२ चौकोनांत बसवले, तेही आधी ग्राफच्या कागदावर. उधन्यातल्या आमच्या टेबलावर त्या येऊन बसल्या असत्या, तर त्यांना काही शिकवावे लागले नसते.

सकाळच्या सत्रात एक तरुण मित्र म्हणाले, एसव्हीजी आल्यापासून आकाराचा प्रश्नच उरलेला नाही, एकदा काढा आणि कुठेही वापरा. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटीसाठी मला ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह करायचे होते, नावाचे पहिले अक्षर ‘क’. रेषा एसव्हीजीच्याच होत्या, निर्दोष. सोळा बाय सोळा चौकोनांत उतरवल्या तेव्हा मधला दंड दोन चौकोनांच्या सीमेवर आला आणि दोन करड्या पट्ट्या झाल्या. डावा डोळा बुजला. शिरोरेषा धुरकट. मी ग्राफची वही काढली. सोळांना मधली ओळ नसते, म्हणून दंड दोन चौकोनांचा घेतला, दोन्ही बाजूंना सात सात उरले. शिरोरेषा दोन ओळींची. डोळ्याच्या आत दोन चौकोन मोकळे सोडायचेच, मग बाहेरचा गोल थोडा चपटा झाला तरी चालेल. अर्ध्या तासाचे काम. ‘क’ उभा राहिला. एसव्हीजी रेषा नीट सांभाळते. कोणती रेषा ठेवायची आणि कोणती सोडायची, हे तिला कळत नाही.

आता म्हणतील, फोनचे पडदे दाट झाले, चौकोन कोण मोजतो. पडदा दाट झाला, माणसाचा डोळा तोच आहे. लिंबायतमध्ये आमच्या शेजारी एक ताई घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात. कामाची नोंद फोनवरच्या अ‍ॅपमध्ये करायची. एका संध्याकाळी त्या फोन घेऊन आल्या, “भाऊ, यातला पुसायचा डबा कोणता आणि ठेवायचा कोणता?” दोन्ही चिन्हे सुंदर होती, केसासारख्या रेषांची, मोठ्या पडद्यावर बघत काढलेली. तडा गेलेल्या काचेवर, चाळीस वॉटच्या उजेडात ते दोन सारखे डबे होते. त्यांनी दोनदा दिवसभराची नोंद पुसली होती आणि त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. याला मी सौंदर्याचा प्रश्न म्हणणार नाही.

रुपयाचे चिन्हच घ्या. १५ जुलै २०१० रोजी सरकारने उदयकुमारांचा आराखडा स्वीकारला: देवनागरी ‘र’, रोमन ‘आर’ आणि माथ्यावर दोन आडव्या रेषा. साड्यांच्या वेबसाइटीवर याच्याइतकी वेळा येणारी दुसरी बुट्टी नाही, प्रत्येक साडीखाली ती आहे. आणि किती ठिकाणी त्या दोन रेषांमधली फट बुजून एकच जाड पट्टी झालेली असते! एक ओळ रेषा, एक ओळ मोकळी, एक ओळ रेषा, एवढे तरी जपायला नको का?

चित्रे काढणाऱ्या नव्या यंत्रांविषयी बरीच चर्चा झाली. मी अशा एका यंत्राकडे सोळा चौकोनांचा मोर मागितला. मोर देखणा आला, चौकोन मात्र कुठे अर्धे, कुठे वाकडे. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. तेव्हा वही काढली. यंत्रावर माझा राग नाही, क्लासवाल्यांवर आहे. तीन महिन्यांत कोणते बटण कुठे आहे ते शिकवतात, आणि एक चौकोन भरला तर शेजारच्याचे काय होते ते एकदाही दाखवत नाहीत. देवनागरीचा तर विषयच काढत नाहीत. रोमन अक्षरावर बेतलेल्या जाळीत आपली शिरोरेषा, वरची वेलांटी आणि खालचा उकार कोंबून बसवायचा, एवढेच आपल्या वाट्याला.

काय करता येईल? देवनागरीच्या मुळाक्षरांचा सोळा, चोवीस आणि बत्तीस चौकोनांतला संच आपण मिळून काढावा आणि फुकट द्यावा. उधना किंवा डिंडोलीत महिन्यातून एक रविवार बसावे. जुन्या ग्राफवाल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना बोलवावे, त्यांचे शब्द उतरवून घ्यावेत. कोणी, कधी, ते चहापानात ठरवू.

माझ्या मास्तरांचे ग्राफ रद्दीत गेले. मी गावी गेलो होतो, परत आलो तेव्हा कारखान्याची खोली रिकामी होती. त्यांतला एकच कागद माझ्याजवळ आहे, तीन पानांच्या कोयरीचा.

बाहेर टेबलावर ग्राफच्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्या आणि आज रात्री, संगणक न उघडता, आपल्या नावाचे पहिले अक्षर सोळा चौकोनांत काढा.