रोममधला आमचा मोकळा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही परदेश पाहून आलात, चार शब्द बोला." मी म्हटले, बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि या व्यासपीठावर मी आजवर फक्त सतरंजी अंथरायला चढले आहे. पण त्या ऐकेनात. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आम्ही गेलो कसे ते आधी सांगते, म्हणजे मागे कुजबुज नको. आमचे सिमेंटचे दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या दुकानदाराचा माल जास्त खपतो त्याला कंपनी जोडप्याने सहलीला नेते. 2024 च्या मे महिन्यात ह्यांचा नंबर लागला. आठ दिवसांची सहल. त्यातले सात दिवस बसमधून उतर, फोटो काढ, पुन्हा बसमध्ये चढ, यातच गेले. ते सांगून मी तुमचा वेळ घेत नाही. रोम शहरात मात्र एक दिवस मोकळा मिळाला. बाकीची मंडळी खरेदीला गेली. आम्ही दोघांनी ठरवले, आपण जुने रोम पायी बघायचे. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघेच असे एका दिवसासाठी कुठे गेलो नव्हतो. जोतिबाला गेलो तरी संगे दहा माणसे आणि नैवेद्याची पिशवी.

मनात एक काटा होता तोही सांगते. आमच्या मुलीने बारावीची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता. तिला पुण्याला राहून फार्मसी शिकायचे होते. ह्यांचे म्हणणे, वसतिगृहात मुलगी ठेवायची नाही, इथेच बी.ए. होऊ दे. तशात मामंजींनी एक स्थळही आणले होते. या विषयावर आम्ही नवराबायको पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. विमानातही नाही.

आणि गंमत अशी की त्याच मुलीने निघताना मला मोबाइल शिकवला होता. पाटीवर कॅमेरा धरला की परक्या भाषेतली अक्षरे मराठी होऊन दिसतात. कधी कधी मराठी फार विनोदी येते, पण अर्थ लागतो.

तर सकाळी जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेने कोलोसियमच्या स्टेशनावर उतरलो. जिना चढून वर आलो आणि समोर एकदम तो डोंगराएवढा वाडा! वाडा म्हणजे खेळाचे मैदान, भोवती गोल माड्या. इसवी सन 80 मध्ये तो खुला झाला. उंची दीडशे फुटांहून जास्त. भिंतींना देवी आल्यासारखी भोके आहेत. दगड एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी आकडे होते, ते पुढे लोकांनी उपटून नेले. 1349 च्या भूकंपात एक बाजू पडली, तिचेही दगड लोकांनी आपापल्या बांधकामाला नेले. हे म्हणाले, "सगळीकडे तीच तऱ्हा. आपल्याकडे गढीचे दगड नाही का नेले!"

खालच्या मजल्याला 80 कमानी होत्या. प्रेक्षकांच्या कमानींवर आकडे कोरलेले आहेत, ज्याने त्याने आपल्या आकड्याच्या दारातून आत जायचे. हे वर बघून म्हणाले, "ही कसली अक्षरं?" मी बघितले आणि मला हसूच आले. अहो, ते पाचवीत शिकलेले रोमन आकडे! एल म्हणजे पन्नास, पुढे चार काठ्या. मी म्हटले, "चोपन्न नंबरचं दार." ह्यांना खरे वाटेना. शाळेत आम्हाला चार लिहायला एक काठी आणि व्ही असे शिकवले होते, पण माहेरच्या भिंतीवरच्या घड्याळात चार काठ्याच होत्या, म्हणून मी अडले नाही. मग मी पुढे आणि हे मागे, अशी आम्ही एकेक कमान वाचत गेलो. तेवीसपासून चोपन्नपर्यंतचे आकडे अजून शाबूत आहेत. चोवीस वर्षांत मी पुढे चालण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मैत्रिणींनो, माझी शाळा सातवीला सुटली ती नापास होऊन नव्हे. गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा दोन कोस लांब. भाऊ सायकलवरून गेले, मी घरी राहिले. मला कुणी "जातेस का" म्हणून विचारले नाही, आणि मीही "जाते" म्हटले नाही. एवढेच.

आत माणसांना माणसांशी आणि जनावरांशी झुंजवत, आणि पन्नासेक हजार लोक ते बघायला बसत. ते ऐकून मला तिथे फार वेळ थांबवेना. बायकांना बसायला जागा अगदी वर, शेवटच्या रांगांत. फक्त काही मोजक्या बायकांना पुढे मानाची जागा होती. त्या कोण, ते पुढच्या ठिकाणी कळले.

त्याच तिकिटात शेजारचा फोरम बघता येतो. दोघांचे मिळून छत्तीस युरो, म्हणजे आपले तीन हजारांवर. फोरम म्हणजे जुन्या रोमची पेठ, कचेरी आणि देवळे सगळे एका जागी. आता नुसते खांब आणि चौथरे. काळ्या दगडांची रस्त्याची फरसबंदी मात्र तशीच आहे. साडीखाली मुलाचे खेळायचे बूट घातले होते म्हणून निभावले. तिथले पुतळे बघताना मला कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयातली समुद्रदेवाची छोटी मूर्ती आठवली. ब्रह्मपुरीच्या खोदकामात सापडलेली, या रोमन लोकांच्या व्यापारातून आपल्याकडे आलेली. सहावीच्या सहलीत पाहिली होती.

तिथेच वेस्टा देवीचे गोल देऊळ आहे. तीन-चार खांब उभे आहेत, तेही 1930 साली पुन्हा उभारलेले. वेस्टा म्हणजे चुलीची देवी! देवळात मूर्ती नव्हती, नुसता विस्तव होता. तो विझू द्यायचा नाही. वर्षातून एकदा, 1 मार्चला, लाकडावर लाकूड घासून नवा पेटवायचा. हे काम सहा बायकांकडे. सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडून आणत. तीस वर्षांची सेवा: दहा वर्षे शिकायचे, दहा वर्षे करायचे, दहा वर्षे नव्या मुलींना शिकवायचे. तोवर लग्न नाही. विस्तव राखायचा, झऱ्याचे पाणी आणायचे, पूजेला लागणारे मीठ घातलेले पीठ करायचे. पाटीवरचे मराठी वाचताना मी म्हटले, हे तर आपलेच रोजचे काम, फक्त संगमरवरी वाड्यात.

मान मोठा. खेळाला पुढची जागा त्यांचीच. स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येई, मृत्युपत्र करता येई, तेही बाकीच्या बायकांसारखी कुणा पुरुषाची संमती न घेता. पण विस्तव विझला तर फटके. आणि व्रत मोडले असे ठरले तर भाकरी, पाणी आणि एक दिवा देऊन जिवंत पुरत. असे हजार वर्षांहून जास्त चालले. इसवी सन 394 च्या सुमारास तो विस्तव कायमचा विझवला.

त्यांच्या वाड्याच्या अंगणात हौद आहेत, गुलाब लावले आहेत, आणि कडेने त्यांच्यातल्या मुख्य बायकांचे पुतळे. बहुतेकांची डोकी उडाली आहेत. खालच्या दगडांवर नावे आहेत, पण एकीचे नाव खरवडून काढले आहे, पहिले अक्षर तेवढे उरले आहे. तिने धर्म बदलला म्हणून असावे, असे म्हणतात. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. हे जवळ आले. मी म्हटले, "सहा वर्षांच्या पोरींना आणत. त्यांना कुणी विचारत असतील का हो?" हे काही बोलले नाहीत. मी म्हटले, "मला नव्हतं विचारलं. आपल्या पोरीला तरी विचारा." पंधरा दिवसांचे ते तिथे माझ्या तोंडून निघाले. हे हौदाकडे बघत उभे राहिले. मग "चल, ऊन चढलं," एवढेच म्हणाले.

बाहेर पाइनच्या झाडाखाली बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाण्याची ददात नाही. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाकासारख्या तोटीचे, 1874 पासूनचे. रात्रंदिवस गार पाणी वाहते, पैसे नाहीत. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजे उडते. ते ह्यांच्या शर्टावर उडाले, आणि पंधरा दिवसांनी हे हसले.

मग पँथिऑन. पूर्वी सगळ्या देवांचे देऊळ, 609 पासून चर्च. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा घुमट, 142 फूट रुंद आणि जमिनीपासून तेवढाच उंच. मधोमध तीस फुटांचे उघडे भोक. पाऊस आत पडतो आणि फरशीच्या भोकांतून निघून जातो. मला वाटले होते, हे चटकन बाहेर चला म्हणतील. पण ह्यांनी टोपी काढली आणि मान वर करून उभेच. "अगं, हे काँक्रीट आहे. आणि यात लोखंड नाही. एक सळई नाही!" खाली जड दगडाची खडी, वर जाता जाता हलकी, अगदी वर पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड, असे हे मला हाताने दाखवून सांगत होते. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत म्हणून ते इतके टिकले. ती राख मिळे त्या पोझुओली गावावरून 'पोझोलाना' शब्द आला, असे कंपनीच्या बैठकीत एका इंजिनीअराने सांगितले होते म्हणे. आता आपल्या सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख घालतात, नाव तेच. पोत्यावर तो शब्द मी चोवीस वर्षे बघत होते, पोती मोजत होते, पण हे सांगायचे ह्यांना कधी सुचले नाही आणि विचारायचे मला. भोकातून उन्हाचा एक गोल भिंतीवर पडला होता. तो हळूहळू सरकत होता, तो बघत आम्ही तासभर उभे होतो.

संध्याकाळी त्रेवीचे कारंजे. पाठमोरे उभे राहून नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. ते पैसे गोरगरिबांसाठी वापरतात हे कळल्यावर ह्यांनी एक युरो टाकला. मी देवाला टाकतात तसा आपला रुपया टाकला.

रेल्वेत बसायला जागा एकच होती. ह्यांनी मला बसवले आणि दांडा धरून उभे राहिले. दोन स्टेशने गेल्यावर वाकून हळूच म्हणाले, "पुण्याच्या वसतिगृहाला महिन्याला किती पडतात?" मी आकडा सांगितला. तो मला पाठ होता. हे म्हणाले, "जेवण धरून?"

पोरगी आता पुण्यात आहे. परीक्षा आहे म्हणून आज आली नाही, नाही तर हे भाषण तिनेच नीट लिहून दिले असते. बरे, चिटणीसबाई मघापासून घड्याळाकडे बघताहेत, आणि तिकडे मसाले दूध आटत चालले आहे.