गळाचा छंद आणि मावळचे पाणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात व्याख्यान द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न मजपुढे उभा राहिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. मावळातील शाळांत मुलांना बाराखडी व पाढे शिकवण्यात माझे आयुष्य गेले. परंतु रविवारी व सुटीच्या दिवशी इंद्रायणी, पवना व आंद्रा ह्या नद्यांच्या काठी गळ टाकून बसण्याचा छंद मला तरुणपणापासून आहे. आपली ज्ञाती मासळीची भोक्ती. ताटात वाढलेल्या माशाविषयी आपल्यात जाणकार पुष्कळ, परंतु पाण्यातल्या माशाविषयी बोलणारे थोडे. म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करतो. 'गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग' असे कित्येकांचे मत असते, आणि आमच्या घरीही ते अधूनमधून ऐकू येते. परंतु ह्या छंदाचे कूळ मोठे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' असा स्वतंत्र भाग आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, गळ कसा टाकावा, ह्याचे त्यात वर्णन आहे. म्हणजे दख्खनच्या राजाला जे अनुचित वाटले नाही, ते आम्हा शिक्षकांना शोभून दिसावयास हरकत नसावी!

आता आपल्या मुलखाकडे वळू. लोणावळ्यास वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी पाहूनच टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले आणि ते पाणी घाटाखाली सोडून 1915 साली खोपोलीस वीज निर्माण केली. पुढे 1922 साली आंद्रेच्या खोऱ्यातील ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. पवनेचे धरण 1970 नंतरचे. धरणे झाली, खोल पाणी झाले, त्यात कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडचे मासे सोडण्यात आले. पुढे चिलापीही शिरला. परंतु मावळचा मूळ मानकरी मासा म्हणजे महासीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला हा मासा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात राहतो आणि काठच्या उंबराचे पडलेले फळही मिटक्या मारीत खातो. साइक्स नावाच्या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून हा मासा मिळवून 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. देहूच्या डोहात त्याला कोणी धरीत नाही. भाविक त्याला लाह्या व कणकेच्या गोळ्या घालतात. जेथे श्रद्धेने पहारा केला तेथे मासा शतकानुशतके टिकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

छंदाचा नित्यक्रम कसा असतो, हे नवशिक्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहाटे उजाडण्यापूर्वी पाण्यावर पोहोचावे. सकाळचे पहिले दोन तास व सूर्य कलल्यानंतरचे दोन तास, एवढीच माशाच्या भोजनाची खरी वेळ. मध्यंतरी भाकरी-चटणी खावी आणि झाडाच्या सावलीत स्वस्थ बसावे. काठावर धपाधप चालू नये, जमिनीचा हादरा पाण्यात जातो. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूस बसावे. बोलणे बेताने करावे. ज्यास गप्प बसता येत नाही, त्याने हा छंद धरू नये. तो ज्ञातिसभेच्या कार्यकारिणीत जावा! (हशा)

साहित्य फार लागत नाही. पूर्वी वेळूची काठी पुरत असे. आता रिळाच्या काठ्या बाजारात मिळतात. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, माशाच्या मानाने बारीकच घ्यावी. जाड दोरी माशाच्या नजरेस पडते. रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड व कोंडा भिजवून त्याचा गोळा आधी पाण्यात टाकावा, म्हणजे मासा त्या जागी जमतो. मग गळाला कणकेची गोळी लावावी. रोहू मधल्या पाण्यात चरतो, कटला वरच्या पाण्यात. म्हणून दोघांसाठी गळ एकाच खोलीवर ठेवून चालत नाही. मरळ हा दबा धरून बसणारा शिकारी. तो गवताच्या कडेला सापडतो व हालते आमिष घेतो. गांडूळ मात्र लहानमोठ्या बहुतेक माशांना चालते. रोहू हळूच चाचपतो, त्या वेळी घाई करू नये. दोरी सरळ ओढीस लागली की मगच मनगटाने झटका द्यावा. ही धीराची शाळा आहे, आणि तिच्यात कोणी कायमचा उत्तीर्ण होत नाही.

हे झाले तंत्र. आता ज्याकरिता मी मुख्यतः उभा आहे, त्या गोष्टीकडे येतो.

मृगाचा पाऊस कोसळला, ओढ्यांना लाल पाणी आले, म्हणजे तलावातले व नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. ह्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. ते वर का चढतात? अंडी घालावयास. पोटात अंडी भरलेली, पाणी घोटाभर, अंगात उड्या मारण्यापलीकडे त्राण नाही, अशा स्थितीत हा जीव माणसाच्या हाती सहज लागतो. मग गावोगाव टोपल्या, काठ्या, जाळी घेऊन लोक ओढ्यावर धावतात. पुण्या-मुंबईहून सहलीस आलेली मंडळीही त्यात सामील होतात. एका चढणीच्या मादीबरोबर पुढील किती पिढ्या टोपलीत जातात, ह्याचा हिशेब कोणी करीत नाही. बियाणाचे धान्य दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो? तेच नाव येथे लागू पडते.

महासिराच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. कटला-रोहूच्या मानाने तो अंडी फार थोडी घालतो आणि वाढतोही सावकाश. शिवाय धरणांच्या भिंतींनी त्याची वरची वाट जागोजाग अडली आहे. हे ओळखून मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्यास ह्या माशाची कृत्रिम रीतीने पैदास करून दाखविली. टाटांच्या वळवण येथील केंद्रात हे काम पुढे चालले आणि तेथून लक्षावधी पिल्ले देशातील अनेक जलाशयांत गेली. आपल्या मावळाला ही भूषणावह गोष्ट आहे.

परंतु ह्याच कथेला दुसरी बाजू आहे. लोणावळ्याची पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगला होता. ती तेथे चांगली रुजली, फोफावली. आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महासीर मात्र मागे हटत गेला. त्या माशाचे शास्त्रीय नाव 2018 साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत करण्यात आली. त्याच्या ऱ्हासाला इतरही कारणे आहेत, परंतु पाहुण्याने यजमानाची जागा घेतली हे एक प्रमुख कारण अभ्यासक देतात. ह्यातून आपण बोध घ्यावा तो असा, की एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात आपल्या मर्जीने सोडू नये. घरच्या काचपेटीतले मासे 'पुण्य लागेल' म्हणून इंद्रायणीत सोडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. आणि दुसरा बोध असा, की केंद्रात कितीही पिल्ले निपजली, तरी ओढ्यात स्वाभाविकपणे जन्मलेल्या पिल्लाची जागा ती पुरती भरून काढीत नाहीत. म्हणून ओढा राखणे हेच खरे राखणे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही हे कातकरी-ठाकरांना जाऊन सांगा. त्यावर माझे उत्तर असे. ज्यांच्या चुलीवर त्या दिवशी दुसरे काही नाही, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसास नाही. पाणी, मासा व ऋतू ह्यांविषयी मला जे ज्ञान आहे, त्यातले पुष्कळसे माझ्या कातकरी विद्यार्थ्यांनीच मला दिले. परंतु आपण छंद म्हणून जातो. आपल्याला थांबता येते. ज्याला थांबता येते, त्यानेच प्रथम थांबले पाहिजे.

आपल्या चालीरीतींतही ह्याला आधार आहे. आपण श्रावण पाळतो. समुद्रावरचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेस नारळ अर्पून मगच दर्यात होड्या लोटतात, आणि सरकारही जून-जुलैत यांत्रिक नौकांस समुद्रात मासेमारीची मनाई करते. चढण मात्र श्रावणाच्या आधी सुरू होते आणि महासिराचा विणीचा काळ भाद्रपदापर्यंत लांबतो. म्हणून माझी सूचना अशी, की मृग लागला की गळाची दोरी गुंडाळून ठेवावी आणि घटस्थापनेनंतरच ती सोडावी. दसऱ्याला शस्त्रपूजेत गळाची काठीही मांडावी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर जावे. तोवर पाणीही निवळलेले असते व मासाही भुकेला असतो. धर्म आणि सोय दोन्ही साधतात.

इतर दिवसांसाठीही काही पथ्ये सांगतो. घरी लागेल तेवढाच मासा ठेवावा, बाकीचे सोडावेत, आणि महासीर नेहमीच सोडावा. सोडावयाचा मासा कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे कवच असते. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवावा, म्हणजे गळ चटकन निघतो. माशाच्या कल्ल्यांत बोटे घालू नयेत. शक्य तो त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा, प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्यावा, तो आपल्या बळाने निघून जातो. वैशाख वणव्यात पाणी तापलेले असताना मासा लवकर दमतो, त्या वेळी छायाचित्रासाठी त्याला ताटकळत ठेवू नये. तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, तीत पाखरांचे पाय अडकतात. तलाव बहुधा मत्स्य सहकारी संस्थेकडे अथवा ठेकेदाराकडे असतो, त्यांची परवानगी घ्यावी. टाटांच्या तलावांवर व धरणाच्या भिंतीवर विचारल्यावाचून जाऊ नये. सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तसे दिसल्यास गप्प बसू नये.

आणि स्वतःचा जीव सांभाळावा. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल गर्दीने कोसळून चौघांचा अंत झाला. मावळच्या ओढ्याला पाणी येते ते घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी ते येते. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाने वाहू लागली, की तत्क्षणी वर यावे. धरणाच्या सांडव्याखाली बसू नये. एकटे जाऊ नये. नव्या काठ्या कार्बनच्या असतात, त्यांतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट होत असताना ती काठी उभी धरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

मंडळाच्या चालकांस माझी एकच विनंती आहे. आपली वर्षासहल दरवर्षी लोणावळ्याकडे जाते. तिच्या पत्रकात भोजनाची वेळ व वर्गणी छापतात, त्याखाली एक ओळ अधिक छापावी: 'चढणीचे मासे धरू नयेत, विकत घेऊ नयेत.' खर्च काही नाही. आपल्या दीड-दोनशे कुटुंबांनी एवढे पाळले, तर नदी लगेच भरून जाईल असे मी म्हणत नाही. इंद्रायणीचे दुखणे मोठे आहे. खाली आळंदीस तिच्यावर फेस तरंगताना आपण पाहतो. तरी ज्या मुलाने आषाढातली ती उडी मारणारी मादी टोपलीत न घेता वर जाऊ दिली, तो मोठेपणी नदीत सांडपाणी सोडताना दहा वेळा विचार करील, असा मला शिक्षक म्हणून भरवसा आहे.

आपण माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. एवढी शांतता पाण्यावरही राखलीत, तर रोहू हमखास लागेल.