लेकरांना पेटीजवळ बसू द्या

मी कोंढ्याहून बोलतेय. एरवी आपलं बोलणं होतं ते बचतीचं, हप्त्याचं, नाही तर शेळीपालनाचं. आज जरा वेगळं बोलू. आपल्या तीन ते आठ वर्षांच्या लेकरांना शास्त्रीय संगीताची गोडी कशी लागेल, त्याबद्दल.

गटाच्या बैठकीत मी हे काढलं तर एक जण म्हणाली, "ते आ-आ-आ करत बसतात तेच ना? ते शहरातल्या लोकांचं, ताई. आपल्याला काय कळते त्यातलं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तिचं म्हणणं मला पटलं नाही.

कुमार गंधर्वांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४८ साली ते क्षयानं आजारी होते आणि कोरडी हवा मानवेल म्हणून मध्य प्रदेशात देवासला येऊन राहिले. काही वर्षं गाणं बंदच. अंथरुणावर पडून ते माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्या चालींमधून त्यांनी नवे राग बांधले. त्यांना धुनउगम राग म्हणतात. म्हणजे एवढ्या मोठ्या गवयानं राग घेतला तो आपल्यासारख्यांच्या तोंडून. रोवण्याच्या वेळी बांधीत आपल्या सासवा जे गातात ते शास्त्रीय संगीत नव्हे, हे मान्य. पण लेकराचा कान तिथंच तयार होतो.

आणि आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा पुष्कळ जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. त्याआधी ते नाटक होतं, १९६७ चं. त्यात खाँसाहेबांचं काम करायचे वसंतराव देशपांडे. त्यांचा जन्म १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. त्यांच्या आईनं सासर सोडलं आणि नागपुरात एकटीनं मुलाला वाढवलं. तो काळ कसला होता, विचार करा. तरी मुलाच्या गळ्यात गाणं आहे हे तिनं ओळखलं आणि त्याला शिकू दिलं. नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते शिकले. पुढे पुण्यात सरकारी नोकरीही केली, आणि गायलेही. आपल्या गटांतही एकट्यानं संसार ओढणाऱ्या बाया आहेत. त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

आता करायचं काय? क्लासची फी नको, नवीन पेटी नको. आपल्याकडे बहुतेक गावांत भजन मंडळ असते आणि मंडळाजवळ पेटी असते. पेटीच्या काळ्या पट्ट्या बघा, दोन-तीन, दोन-तीन अशा बसवलेल्या असतात. तिनाच्या झुपक्यातली पहिली पट्टी, तिला काळी तीन म्हणतात, तिला सा धरा. तिथून फक्त काळ्या पट्ट्या दाबत गेलं की सा, रे, ग, प, ध हे पाच सूर येतात. हाच भूप राग. त्यात म आणि नि नाहीत. लेकरानं कोणतीही काळी पट्टी दाबली तरी सूर भूपाचाच निघतो, चुकायची भीतीच नाही. भाता मोठ्या माणसानं हाकावा, बोटं लेकराची चालू द्यावी. दहा मिनिटं पुरेत.

तालाची गंमत त्याहून सोपी. तीनताल सोळा मात्रांचा. एक, पाच आणि तेरावर टाळी, नववर खाली, म्हणजे तिथं टाळी न देता हात उलटा करायचा. अंगणवाडीतल्या पोरांना ही खालीच सगळ्यात जास्त आवडते. नववा आकडा आला की सगळे हात बाजूला करून खिदळतात. मोठ्यांपेक्षा लवकर जमतं त्यांना, खरं सांगते.

मोबाईल तर आपण जेवताना लेकराच्या हाती देतोच. त्यातलीच पाच मिनिटं बिस्मिल्ला खाँची सनई लावा, झाकीर हुसेन यांचा तबला लावा, किशोरी आमोणकरांचा भूप लावा. पडदा उलटा ठेवा, नुसता आवाज. "गप बसून ऐक" म्हणू नका. नाचलं तर नाचू द्या, उठून गेलं तर जाऊ द्या. आणि चार वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर "सारेगम म्हणून दाखव" म्हणत उभं करू नका. प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा चांगल्याच आहेत, पण त्या नंतर.

एक गोष्ट मात्र मला डाचते. भजनाच्या रात्री लहान पोरं पेटीजवळ सरकली की "चला, गडबड करू नका" म्हणून आपणच त्यांना उठवतो. मुलगा असला तर कोणीतरी मांडीवर घेऊन त्याचा हात तबल्यावर ठेवतो. मुलीला म्हणतो, "जा, चहाचे कप आण." पोरगी कप आणते, आणि परत आली की दारातच उभी राहते. असं मी एका गावात नाही, बऱ्याच गावांत पाहिलं आहे. ती मुलगी गाणार होती की नाही, हे आपल्याला कधी कळणार?

म्हणून आमच्या गटानं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यापासून बैठकीनंतरचा अर्धा तास लेकरांचा. पेटी वाजवणाऱ्या काकांना विचारलं, ते हो म्हणाले. त्यांची अट एकच, पोरांनी हात धुऊन यावं. पहिली पाळी मुलींची. चहाचे कप त्या दिवशी आम्ही उचलू.