आधी पाया, मग वेग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज येथे बोलण्याची मला आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी केवळ मॅट्रिक झालेला, सेवानिवृत्त शिक्षक. शाळेतील मुलांना पहाटे धावावयास नेणे हा माझा आयुष्यभराचा व्यासंग. त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी आर्थर लिडियार्ड (१९१७-२००४) नावाचे गृहस्थ होऊन गेले. पादत्राणांच्या कारखान्यात ते नोकरी करीत. शरीर किती सोसू शकते, हे त्यांनी कित्येक वर्षे स्वतः धावून पाहिले आणि मगच ओवायराका क्लबातील तरुणांना शिकविले. आधी दमाचा पाया, मग वेग, हे त्यांचे सूत्र. ८०० मीटरच्या धावपटूसही ते आठवड्यास १०० मैल धावावयास लावीत. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. हॅलबर्ग यांचा डावा हात रग्बीतील दुखापतीने अधू झालेला होता, हे विशेष.

परंतु मला त्याहूनही मोठे वाटते ते त्यांचे पुढील कार्य. शर्यतीशी ज्यांचा संबंध नाही अशा प्रौढांना, हृदयविकार जडलेल्यांनासुद्धा, त्यांनी सावकाश धावावयास शिकविले. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये अशा मंडळींचा क्लब उभा राहिला. अमेरिकेतील ओरेगॉनचे नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे आले असता, सत्तरी उलटलेल्या एका वृद्धानेही त्यांना मागे टाकले! मायदेशी परतताच बोवरमन यांनी आपल्या गावी हा उपक्रम सुरू केला आणि १९६७ साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले.

हे सर्व मला फार उशिरा उमगले. एके वर्षी जिल्ह्याच्या रिले शर्यतीची ढाल मिळावी या हव्यासाने मी संथ धावणाऱ्या मुलांना, "उद्यापासून येऊ नका," असे सांगितले. ढाल मिळाली. पुढील वर्षी ती चार चपळ मुले परीक्षा उत्तीर्ण होऊन शहरात गेली आणि मैदानावर मी एकटा उरलो. काही वर्षांनी पुन्हा आरंभ केला, तेव्हा मी घालविलेल्यांपैकीच एकजण घड्याळ घेऊन मदतीस आला. त्याने कधी शर्यत जिंकली नाही. पण आज त्या मुलांना तोच सांभाळतो. त्याच्यासमोर माझी मान अद्यापि खाली जाते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. आपल्या क्रीडास्पर्धेत चषकांवर होणाऱ्या खर्चापैकी निम्मी रक्कम वर्षभराच्या पहाटवर्गासाठी राखून ठेवावी. त्यात शेवटी येणाऱ्या मुलाचे नाव पहिल्याइतक्याच आदराने लिहावे. मुलींना व वडीलधाऱ्यांनाही सामावून घ्यावे. आणखी एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी सांगतो. हा वर्ग केवळ आपल्या ज्ञातीपुरता नसावा. आळीतील जे मूल पहाटे उठून दारात उभे राहील, ते आपले मानावे.

विजेते येतात आणि जातात. संस्था टिकते ती रोज येणाऱ्यांच्या बळावर.